निळ्या अंगरख्यातली मुलं

प्रिय मुग्धा,

अनेक आशीर्वाद.

तुमच्या दहावीच्या वर्गाचं स्नेहसंमेलन ठरलंय आणि जावं की नाही याचा तू विचार करते आहेस, असं आईकडून कळलं. कोण कॅनडात स्थायिक झालंय, कोणाचा स्वतःचा दवाखाना आहे, कोण मोठ्या कंपनीत आहे, आणि आपण मात्र बँकेत कारकून, हे तुझ्या मनाला लागलंय. जायचं की नाही ते तू ठरव, त्यात मी पडणार नाही. पण आईला तू जे म्हणालीस, की एवढ्या नावाजलेल्या शाळेत शिकून मी शाळेचं नाव काही राखलं नाही, ते मला रात्रभर बोचत राहिलं. फोनवर हे सगळं सांगता येणार नाही, म्हणून सवडीने लिहितोय.

एका शाळेच्या माजी विद्यार्थ्यांची आयुष्यं मी नोकरीला लागल्यापासून वाचत आलोय. आमच्या वेळी बी.ए.ला चार्ल्स लॅम या इंग्रज लेखकाचे निबंध असायचे. ते शिकवता शिकवता तो ज्या शाळेत शिकला ती शाळा माझ्या डोक्यात बसली. क्राइस्ट्स हॉस्पिटल. नाव असं असलं तरी तो दवाखाना नव्हता, अनाथ आणि गरीब मुलांसाठी उघडलेला आसरा होता. आठव्या हेन्रीने इंग्लंडमधले मठ बंद केले, तेव्हा लंडनच्या न्यूगेटजवळची ग्रेफ्रायर्स संन्याशांची जागा मोकळी पडली. शहरात बेवारस पोरं रस्त्यावर होती. १५५२ च्या नोव्हेंबरात त्या जागेत ३८० मुलं दाखल करून घेतली, त्यांत मुलीही होत्या. सहाव्या एडवर्डने १५५३ च्या जूनमध्ये सनदेवर सही केली तेव्हा तो जेमतेम पंधरा वर्षांचा होता आणि क्षयासारख्या आजाराने खंगला होता. पुढच्या दहा-बारा दिवसांत तो गेला.

मुलांना घालायला पायघोळ निळा अंगरखा, कमरेला चामड्याचा पट्टा, गळ्याशी पांढरी पट्टी आणि पिवळे मोजे. अंगावर हे कपडे दिसले की पोरगं धर्मादाय शाळेतलं, हे साऱ्या लंडनला कळायचं. १९०२ मध्ये शाळा ससेक्समधल्या हॉर्शमला गेली, पण वेष तोच राहिला. आजही मुलं त्याच वेषात बँडच्या तालावर दुपारच्या जेवणाला जातात. कपडे शाळाच देते, आणि फी आईवडिलांच्या मिळकतीकडे बघून ठरते. कित्येक घरांना ती अगदी नाममात्र असते. पावणेपाचशे वर्षं एका संस्थेने आपला मूळ हेतू सोडला नाही, याचं मला फार मोल वाटतं.

१७८२ साली तिथे दोन मुलं आली. एक डेव्हनमधल्या पाद्र्याचं धाकटं पोर, पुढे कवी झालेला सॅम्युएल टेलर कोलरिज. आदल्याच वर्षी त्याचे वडील वारले होते. दुसरा चार्ल्स लॅम, सात वर्षांचा, लंडनचाच, बोलताना अडखळणारा. लॅमचं घर शाळेपासून चालत जाण्याइतकं जवळ. कोलरिजला लंडनमध्ये जिवाभावाचं म्हणावं असं कोणी नाही. सुट्टीच्या दिवशी मुलांना बाहेर सोडून देत. ज्यांची घरं होती ती घरी जात, बाकीची दिवसभर उपाशीतापाशी रस्त्यांवरून भटकत.

अशाच एका दिवशी कोलरिज स्ट्रँड रस्त्यावरून हात हवेत मारत चालला होता. ग्रीक कथेतल्या लिअँडरसारखं आपण समुद्र पोहून जातोय, अशी त्याची तंद्री लागली होती. हात एका गृहस्थाच्या खिशाला लागला आणि त्याने पाकीटमार म्हणून त्याचं मनगट धरलं. पोराने रडवेलं होऊन खरं काय ते सांगितलं. गृहस्थ इतका चकित झाला की त्याने चीपसाइडजवळच्या एका वाचनालयाची वर्गणी भरून दिली. तिथली पुस्तकं कोलरिजने यादीच्या पहिल्या टोकापासून शेवटपर्यंत वाचायला घेतली. त्या गृहस्थाचं नाव कुठे आलेलं नाही. माझ्या मते कोलरिजच्या शिक्षणात त्याचा वाटा मोठा आहे.

लॅमची गोष्ट मला अधिक जवळची. शाळेतलं जेवण निकृष्ट आणि अपुरं. लॅमची म्हातारी आत्या घरचं गरम मांस घेऊन यायची आणि मठाच्या जुन्या ओवरीत कुठल्या तरी दगडावर बसून त्याला वाढायची. पुढे पन्नाशीकडे झुकताना लॅमने हे लिहून ठेवलं. आत्याबद्दल माया, ती अशी दगडावर बसली याची लाज, भोवती उभ्या भुकेल्या पोरांची कणव आणि पोटातली भूक, हे सगळं त्या पोराला एकदम वाटत होतं, आणि शेवटी भूक जिंकली. लघुनिबंधात माणूस इतका उघडा होऊ शकतो, हे मला त्या पानावर कळलं. वर्गात ते पान मी नेहमी मोठ्याने वाचायचो, तेव्हा मागच्या बाकावरची मुलंही ऐकायची. त्यांतल्या बऱ्याच जणांच्या घरून एस.टी.ने डबा यायचा.

त्या शाळेत वरच्या वर्गातल्या निवडक हुशार मुलांना ‘ग्रीशियन’ म्हणत. त्यांना शाळा स्वतःच्या खर्चाने ऑक्सफर्ड-केंब्रिजला पाठवी आणि ती बहुधा पाद्री होत. कोलरिज ग्रीशियन झाला. लॅमचं लॅटिन उत्तम होतं, पण तोतऱ्या मुलाला पाद्री होऊन प्रवचन कसं करता येणार? तो एक पायरी खालीच थांबला आणि चौदाव्या वर्षी शाळा सुटली. १७९२ मध्ये तो ईस्ट इंडिया कंपनीच्या लेडनहॉल स्ट्रीटवरच्या कचेरीत हिशेबनिसाच्या खात्यात कारकून म्हणून लागला. पहिली तीन वर्षं बिनपगारी. तिथे त्याने १८२५ पर्यंत, म्हणजे तेहेतीस वर्षं, चहा, नीळ आणि कापडाचे हिशेब लिहिले. मुग्धा, ही तीच कंपनी. १८१८ मध्ये आपल्याकडे पेशवाई संपली तेव्हा हा माणूस लंडनमध्ये तिच्याच वह्यांत आकडे भरत होता. माझी खरी ग्रंथसंपदा लेडनहॉल स्ट्रीटच्या फळ्यांवर आहे, असं त्याने स्वतःबद्दल लिहून ठेवलं आहे.

आता त्याच्या घरचं ऐक. १७९६ च्या सप्टेंबरात त्याची मोठी बहीण मेरी वेडाच्या झटक्यात सुरी घेऊन धावली आणि आईचा जीव गेला. लॅम एकवीस वर्षांचा होता. मेरीला कायमचं वेड्यांच्या इस्पितळात ठेवावं, असं बऱ्याच जणांचं मत होतं. त्याने तिची जबाबदारी लिहून घेतली, लग्न केलं नाही, आणि तिला आयुष्यभर सांभाळलं. झटका येणार हे मेरीला आधी कळायचं. मग दोघं बहीणभाऊ रडत रडत, शेतांतून पायी, इस्पितळाकडे जायचे. तिला बांधून ठेवायचा सदरा त्यांनी बरोबर घेतलेला असायचा. बरी असली की ती त्याच्यासोबत बसून लिहायची. शेक्सपिअरच्या नाटकांच्या ज्या गोष्टी तू सातवीत वाचल्यास, त्यांतल्या सुखान्त नाटकांच्या मेरीने लिहिल्या आहेत आणि शोकान्त नाटकांच्या चार्ल्सने. पुस्तक १८०७ चं.

आणि शाळेने ज्याच्यावर सगळी आशा लावली होती, त्या कोलरिजचं काय झालं? केंब्रिजला कर्ज झालं. १७९३ च्या डिसेंबरात खोटं नाव सांगून तो घोडदळात भरती झाला. त्याला धड घोड्यावर बसता येत नव्हतं. भावांनी खटपट करून सोडवून आणला, पण पदवी त्याने घेतलीच नाही. ‘एन्शन्ट मरिनर’सारखी कविता पंचविशीत लिहिली आणि उरलेलं बरंचसं आयुष्य अफूने खाल्लं. लॅमने त्याला कधी टाकलं नाही. १८३४ च्या जुलैत कोलरिज गेला, त्या धक्क्यातून लॅम सावरला नाही, आणि त्याच डिसेंबरात तोही गेला. शाळेत जुळलेली ही मैत्री बावन्न वर्षं टिकली. त्यांच्यातला कोण यशस्वी, हे मला वर्गात कोणी विचारलं असतं तर मी सरळ लॅमचं नाव घेतलं असतं.

त्या दोघांच्या वेळी शाळेत विल्यम वेल्स नावाचे गणिताचे मास्तर होते. ते कॅप्टन कुकबरोबर दक्षिण ध्रुवाकडच्या बर्फापर्यंत जाऊन आले होते. कोलरिजच्या कवितेतला बर्फ त्यांच्या गोष्टींतून आला असावा, असं काही अभ्यासक मानतात आणि मला ते पटतं. शाळेत गणिताची वेगळी शाखा होती, १६७३ मध्ये दुसऱ्या चार्ल्सने काढलेली, चाळीस मुलांना नौकानयन शिकवणारी. नौदलाचा कारभार बघणाऱ्या सॅम्युएल पीप्सने तिच्यासाठी खूप खटपट केली, अभ्यासक्रमाबद्दल न्यूटनचा सल्ला घेतला गेला. तिथले दोन तरुण पीटर झारने रशियाला नेले आणि १७०१ मध्ये मॉस्कोत निघालेल्या नौकानयनाच्या शाळेत ते शिकवायला लागले. बाकी शेकडो पोरं जहाजांवर गेली आणि समुद्रातच हरवली. त्यांची चरित्रं कोणी लिहिली नाहीत.

काही जण इकडे आपल्या देशात आले. थॉमस मिडलटन, कोलरिजला शाळेत मायेने वागवणारा वरच्या वर्गातला मुलगा, कलकत्त्याचा पहिला बिशप झाला. हेन्री मेन १८६२ ते १८६९ व्हाइसरॉयच्या मंडळात कायदेमंत्री होता. त्याचं जुन्या कायद्यांवरचं पुस्तक आपल्याकडचे वकील पिढ्यान्‌पिढ्या वाचत आले. लुई कॅव्हग्नारी या इंग्रज सरकारच्या अधिकाऱ्याने १८७९ मध्ये अफगाणिस्तानच्या अमीराला गंडमकच्या तहावर सही करायला लावली, आणि त्याच सप्टेंबरात काबूलमध्ये बंडखोर शिपायांनी त्याला मारलं. त्याच्या शौर्याचे इंग्लंडमध्ये गोडवे गायले गेले. मला मात्र त्या तहात दुसऱ्याच्या देशावरची जबरदस्तीच दिसते. गरिबांच्या शाळेतून शिकलेली मुलं परक्यांची मुस्कटदाबी करायलाही गेली, हेही त्याच शाळेच्या हिशेबात धरायला हवं.

पण ज्याच्याबद्दल तुला सांगायचंच होतं, तो विमानं बनवणारा इंजिनिअर बार्न्स वॉलिस. जन्म १८८७. वडील डॉक्टर, पण पोलिओने अधू झालेले. घरात ओढग्रस्त. शाळेत जागा मिळाली, सतराव्या वर्षी शाळा सोडून तो कारखान्यात उमेदवारीला लागला. कॉलेजात गेला नाही. नोकरी करता करता बाहेरून परीक्षा देऊन पस्तिशीच्या आसपास लंडन विद्यापीठाची पदवी घेतली. वेलिंग्टन या बॉम्बफेकी विमानाचा जाळीसारखा सांगाडा त्याच्या डोक्यातून निघाला. अशी ११,००० हून अधिक विमानं बनली. १९४२ मध्ये, दुसरं महायुद्ध चालू असताना, घराच्या अंगणात पाण्याचा टब ठेवून त्याने मुलांच्या गोट्या गलोलीने पाण्यावर मारायला सुरुवात केली. गोटी कुठल्या कोनात मारली की किती टप्पे घेते, हे तो मोजत होता. त्यातून पाण्यावर उड्या मारत धरणाच्या भिंतीपर्यंत जाणारा बॉम्ब तयार झाला. १९४३ च्या १६ मेच्या रात्री ते बॉम्ब घेऊन एकोणीस लँकेस्टर विमानं जर्मनीतल्या धरणांवर गेली. दोन धरणं फुटली. विमानांतल्या १३३ जणांपैकी ५३ मारले गेले. खाली पुरात सुमारे १,३०० माणसं बुडाली, त्यांत वेठीला धरून आणलेले परदेशी मजूर आणि बायका पुष्कळ होत्या. इंग्लंडभर जल्लोष झाला, वॉलिस मात्र त्या ५३ पोरांच्या दुःखाने मोडून गेला, आणि ते त्याच्या मनातून कधी गेलं नाही.

या शाळेत निरोपाच्या दिवशी प्रत्येक मुलाला सांगतात, की इथे तुला जे मिळालं ते विसरू नकोस, आणि पुढे तुझ्या ऐपतीप्रमाणे दुसऱ्या मुलांना ते मिळावं म्हणून करता येईल तेवढं कर. ‘ऐपतीप्रमाणे’ हा शब्द त्यात आहे. मोठा हो, नाव कमव, असं त्यात काही नाही. तू आईला जे म्हणालीस त्यावर मला जे वाटतं ते हेच. तू तुझ्या पगारातून शेजारच्या कमलमावशींच्या नातीची फी भरतेस, हे मला आईने गेल्या दिवाळीतच सांगितलंय. तू बोलली नाहीस म्हणून मीही बोललो नव्हतो.

१९५१ मध्ये सरकारने वॉलिसला त्याच्या शोधांबद्दल १०,००० पौंड बक्षीस दिलं. ते सगळे पैसे त्याने आपल्या शाळेला देऊन टाकले, हवाई दलात मेलेल्या आणि अपंग झालेल्या माणसांच्या मुलांना तिथे शिकता यावं म्हणून. पुढे कितीतरी वर्षं तो शाळेच्या कारभाराचं काम बघत होता. त्या निधीवर आजही मुलं निळा अंगरखा घालून शिकतायत.

लॅमच्या निबंधांची माझी जुनी प्रत आहे, पेन्सिलीच्या खुणांची. पुढच्या आठवड्यात डोळे तपासायला पुण्याला यायचंय, तेव्हा बरोबर आणतो. ऑफिसातून तुला किती वाजता सुटता येईल ते आईला कळव.

तुझा,
बाबा