शाळेतल्या ज्वालामुखीत सोलापूरचा खडकही दिसावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शालेय विज्ञान प्रदर्शनांत वर्षानुवर्षे एकच ज्वालामुखी मांडला जातो: मातीचा शंकू, खायचा सोडा, व्हिनेगर, लाल फेस. १८ मे १९८० रोजी अमेरिकेतला सेंट हेलेन्स फुटला, तेव्हा यकिमा शहरात भरदिवसा अंधारून आले. तिथल्या मुलांनी उद्रेक म्हणजे आकाशातून पडणारी राख पाहिली. आपल्याकडे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जे घडले ते वेगळे होते. जमिनीला लांबलचक भेगा पडल्या आणि पातळ लाव्हा थरावर थर पसरत गेला. सोलापूरच्या पायाखाली तोच काळा पाषाण आहे, पण प्रदर्शनात तो कुठेच नसतो.

तो दाखवणे अवघड नाही. बुटाच्या खोक्यात प्लास्टिकचा कागद अंथरा. तीन वाट्या पाण्यात काळा पोस्टर रंग कालवून पाच वाट्या प्लास्टर ऑफ पॅरिस (पीओपी) हळूहळू भुरभुरवा. उलट केल्यास गुठळ्या होतात. मूठभर थर्माकोलचे बारीक मणी मिसळा आणि मिश्रण एका कडेने, या टोकापासून त्या टोकापर्यंत ओता. मणी तरंगून वर जमतात. खऱ्या थरातही वायूचे बुडबुडे असेच वर येतात. त्यांच्या पोकळ्या पुढे झिओलाइट या खनिजाच्या पांढऱ्या स्फटिकांनी भरतात.

अर्ध्या तासाने, लाव्हाच्या दोन थरांमधली तांबडी माती म्हणून, वर गेरू भुरभुरून दुसरा थर द्या. घाई केली तर थर एकमेकांत मिसळतात. गेरू जाड झाला तर थर सुटतात. विहिरीतही तांबड्या मातीच्या थराशीच भिंत ढासळते, हे मुलांना तिथेच सांगता येते. मिश्रण घट्ट झाले तर पसरत नाही, ढीग होतो. तो फेकू नये. लाव्हा दाट असला की शंकू होतो आणि पातळ असला की पठार, हे त्या ढिगाइतके स्पष्ट कशानेच कळत नाही.

तीन थर झाले की दुसऱ्या दिवशी हॅक्सॉने उभा छेद घ्या. पीओपी कालवताना मास्क लावावा. घट्ट होताना ते चांगलेच तापते, त्यामुळे त्यात हात घालू देऊ नये. उरलेले मोरीत ओतू नये, नळी कायमची बुजते.

परीक्षकांना विनंती, की फेस किती उंच उडाला यापेक्षा मुलाला छेदातला प्रत्येक थर ओळखता येतो का, यावर गुण द्यावेत.

— सोलापुरातील काही भूगोल व विज्ञान शिक्षक