कोटेशनवर पूर्ण मॉडेल नंबर हवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बारावीचे निकाल लागले, की सांगली-मिरजेत गेमिंग संगणक जोडून घेणाऱ्यांची गर्दी होते. हातात पडते ते कोटेशन मात्र एका ओळीचे: ‘आय-५, १६ जीबी रॅम, ग्राफिक कार्ड, ४५० वॅट एसएमपीएस.’ (एसएमपीएस म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा भाग.) यावरून कोणता भाग कोणाशी जुळतो हे काहीच कळत नाही. मशीन चालू झाले नाही की ‘बोर्ड (मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग जोडणारी मुख्य पाटी) गेला’ असे ठरते आणि जत-आटपाडीहून येणाऱ्याचे हेलपाटे सुरू होतात. बोर्ड बरेचदा ठणठणीत असतो.

प्रोसेसर सॉकेटात बसला म्हणजे चालेलच, असे नाही. आठव्या पिढीचा आय५-८४०० जुन्या एच११० बोर्डात छान बसतो, सॉकेट दोन्हींचा ११५१च. पण तो बोर्ड या प्रोसेसरसाठी नाही. सेकंडहँड घेणाऱ्यांच्या गळ्यात अशी जोडी सहज मारता येते. बी४५० बोर्डावर रायझन ५ ५६०० प्रोसेसर चालतो, पण बायोस (मशीन सुरू करणारे बोर्डावरचे सॉफ्टवेअर) जुना असेल तर पंखे फिरतात आणि स्क्रीन काळी राहते. अशा वेळी बोर्डावर बायोस फ्लॅशबॅकचे, म्हणजे पेनड्राइव्हवरून नवा बायोस चढवायचे, बटण आहे का ते पाहावे. असल्यास पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करून त्याच मॉडेलची फाइल कंपनीने सांगितलेल्या नावाने टाकावी, खूण केलेल्या यूएसबी पोर्टात लावावी आणि बटण दाबावे. दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत कशालाही हात लावू नये. वळवाच्या पावसात लाइट कधी जाईल याचा नेम नाही, तेव्हा यूपीएसशिवाय या फंदात पडूच नये. बटण नसेल तर जुना रायझन बसवून बायोस चढवून देणे हे दुकानदाराचे काम आहे.

स्क्रीन काळी राहण्याचे याहून साधे कारणही असते. आय५-१२४००एफ किंवा रायझन ५ ५६०० यांत ग्राफिक्स नाही. मॉनिटरची केबल बोर्डाला लावली तर काहीच दिसणार नाही, ती ग्राफिक कार्डालाच लावायची. रॅमचे म्हणाल तर डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हींना २८८ पिना, पण खाच वेगळ्या जागी. एच६१० बोर्ड दोन्ही प्रकारांत मिळतात, म्हणून नुसते ‘एच६१०’ लिहून भागत नाही. रॅमचे चार स्लॉट असलेल्या बोर्डात दोन रॅम असतील तर बहुतेक ठिकाणी प्रोसेसरकडून दुसऱ्या व चौथ्या स्लॉटमध्ये बसवाव्या लागतात.

सर्वांत जास्त घोळ एसएमपीएसचा. डब्यावरच्या ‘४५० वॅट’वर जाऊ नये, स्टिकरवर १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते वाचावे. १८ अँपिअर असतील तर १२ गुणिले १८, म्हणजे जेमतेम २१६ वॅट. आरटीएक्स ३०६० ग्राफिक कार्ड एकटे १७० वॅट ओढते, १२४००एफ पूर्ण जोर लावतो तेव्हा ११७ पर्यंत जातो. झाले २८७, आणि क्षणिक उसळी वेगळीच. त्यामुळे विंडोज सुरळीत चालते, पण गेम उघडला की मशीन धाडकन रीस्टार्ट होते. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदवहीत) ‘कर्नल-पॉवर ४१’ दिसते, ते फक्त मशीन अचानक बंद पडले एवढेच सांगते, का ते नाही. लोक मात्र ते वाचून विंडोज पुन्हा टाकत बसतात. पंधरा-वीस मिनिटांनी बंद पडत असेल तर आधी तापमान बघा. लोड येताक्षणी पडत असेल तर संशय एसएमपीएसवर. आरटीएक्स ३०६० ला चांगल्या कंपनीचा ५५० वॅटचा एसएमपीएस हवा. मोलेक्सवरून (एसएमपीएसच्या जुन्या चार पिनांच्या जोडावरून) कार्डासाठी आठ पिनांचा जुगाडू कनेक्टर लावू नये, वायर वितळते. मॉड्युलर (केबली सुट्या होणाऱ्या) एसएमपीएसच्या केबली दुसऱ्या एसएमपीएसला तर मुळीच लावू नयेत: टोक बसते, पण आतली जोडणी वेगळी असते आणि एसएसडी, हार्ड डिस्क जळून जातात.

कार्डाचेही तसेच. आरएक्स ६५०० एक्सटीला फक्त चार लेन, म्हणजे बोर्डाशी माहितीची ये-जा करायचे मार्ग, आहेत. बी४५० सारख्या तिसऱ्या पिढीच्या पीसीआय एक्स्प्रेस (कार्ड बसवायची जोडणी) बोर्डावर या लेनचा वेग निम्मा होतो आणि ४ जीबी मेमरी भरली की गेम अडखळतो. ‘कार्ड डुप्लिकेट दिले’ अशी तक्रार होते, ती बिनबुडाची असते.

म्हणून जिल्ह्यातील विक्रेत्यांना विनंती, की कोटेशनवर बोर्डाचे पूर्ण मॉडेल व रिव्हिजन, बायोसची आवृत्ती, रॅमचा पार्ट नंबर आणि एसएमपीएसचे १२ व्होल्टवरचे अँपिअर लिहावेत. ग्राहकांनीही पैसे देण्याआधी दुकानातच अर्धा तास एखादा जड गेम चालवून घ्यावा.

आपले,
संगणक दुरुस्तीतले काही कारागीर
विश्रामबाग, सांगली