आचार्य अत्रे जयंती : बैठकीची सूचना

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, आचार्य प्र. के. अत्रे यांच्या जयंतीनिमित्त १३ ऑगस्ट रोजी सायंकाळी सहा वाजता वाचनालयात त्यांच्या लोकसेवेवर आणि पत्रकारितेवर चर्चा होईल. पुणे नगरपालिकेत असताना तेथील रे मार्केटला महात्मा फुले यांचे नाव मिळावे म्हणून त्यांनी घेतलेला पुढाकार आज फारसा आठवला जात नाही, त्यामुळे चर्चेची सुरुवात तेथूनच व्हावी असे वाटते. १५ नोव्हेंबर १९५६ रोजी त्यांनी सुरू केलेले दैनिक ‘मराठा’ संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे मुखपत्र ठरले आणि पुढच्याच वर्षी ते विधानसभेवर निवडून आले. ज्यांच्याकडे ‘मराठा’चे जुने अंक असतील त्यांनी ते अवश्य आणावेत, कागद जीर्ण असल्यास छायाप्रत पुरेशी आहे.