अरविंद गुप्ता सर, आमच्या वर्गातर्फे मनापासून आभार

आदरणीय अरविंद गुप्ता सर,
सादर नमस्कार.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी-सातवीला विज्ञान शिकवते. आपली ओळख नाही, पण साध्या, टाकाऊ वस्तूंतून तुम्ही शिकवलेली विज्ञान-खेळणी आम्ही करतो आणि वर्गात तुमचं नाव सारखं निघतं, म्हणून हे जाहीर पत्र.

आमची प्रयोगशाळा म्हणजे एक लोखंडी कपाट. ‘साहित्य नाही’ हे आम्हा शिक्षकांचं नेहमीचं गाऱ्हाणं, आणि ते खोटं नसतं. तुम्ही त्यावर उपाय दिलात तो काडेपेटीतल्या काड्या आणि त्या जोडायला सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबच्या, म्हणजे बारीक रबरी नळीच्या, तुकड्यांचा. त्रिकोण जोडून दाबला तर हलत नाही, चौकोन लगेच कलतो. त्यात तिरपी काडी घातली की तोही ताठ. हे करून झाल्यावर एका मुलीने पत्र्याच्या शेडच्या छपराला आधार देणारी कैची दाखवली, “बाई, तिथं पण त्रिकोणच आहेत!”

तुम्ही १९७५ साली आयआयटी कानपूरमधून इलेक्ट्रिकल इंजिनिअर झालात, पुण्यात टेल्कोत (आताच्या टाटा मोटर्समध्ये) लागलात, १९७८ मध्ये रजा काढून मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेलात. पुढे तुम्ही नोकरीच सोडलीत, याचं लोक कौतुक करतात. मला मोठं वाटतं ते हे, की इंजिनिअरपण सोडलं नाहीत. सुटे भाग कमीत कमी, सगळे बाजारात मिळणारे, आणि मोडलं तर पोरांना स्वतः जोडता यावं. हे इंजिनिअरचंच काम आहे.

तुमची विजेची छोटी मोटार आम्ही दरवर्षी करतो. टॉर्चचा सेल, दोन सेफ्टी पिना, जुन्या स्पीकरचं चुंबक आणि इनॅमलची, म्हणजे वीज न जाऊ देणाऱ्या लेपाची, तांब्याची तार. तार आम्ही रिवायंडिंगच्या, म्हणजे जळलेल्या मोटारींना नवी तार गुंडाळून देणाऱ्या, दुकानातून आणतो. शेतीपंपाच्या मोटारी जळायच्या थांबत नाहीत, त्यामुळे तिची ददात नाही. खरी गंमत वेटोळ्याच्या टोकांशी आहे. इनॅमल तीन बाजूंनी खरवडायचं, चौथ्या बाजूला ठेवायचं. मुलं उत्साहाच्या भरात सगळं खरवडतात, मग वेटोळं नुसतं डुलत राहतं. राखलेली बाजू पिनेला टेकते तेव्हा प्रवाह तुटतो, वेटोळं आपल्या वेगाने पुढे सरकतं आणि पुन्हा प्रवाह मिळतो, म्हणून ते फिरतं. रिवायंडिंगवाल्यांचा मुलगा माझ्या वर्गात आहे. मोटार फिरली तेव्हा त्याने वडिलांना शाळेत बोलावून आणलं. ते बराच वेळ वाकून बघत होते, मग त्यांनी मुलालाच विचारलं, “थांबत कशी नाही रे?” आणि त्याने समजावून सांगितलं!

काडेपेटीच्या काड्यांच्या प्रयोगांचं तुमचं पुस्तक १९८७ सालचं. दूरदर्शनसाठी तुम्ही १२५ विज्ञानफिती केल्यात, पुढे पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिका या मुलांच्या विज्ञान केंद्रात सहकाऱ्यांना घेऊन कितीतरी आणखी. २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा शाळेच्या फळ्यावर बातमी मुलांनीच लिहिली.

एका गोष्टीसाठी वेगळे आभार. तुमची पुस्तकं आणि फिती फुकट मिळतात, आणि मराठीतूनही मिळतात. आमच्या मुलांना हिंदी अर्धंमुर्धं कळतं, इंग्रजी त्याहून कमी. मराठीत ऐकलं की ती मला थांबवून प्रश्न विचारतात. तुमच्या ज्या सहकाऱ्यांनी ती भाषांतरं केली, आवाज दिले, त्यांनाही आमचा नमस्कार पोहोचवा.

आपली नम्र,
एक विज्ञान शिक्षिका