तिकीट नसलेला मुक्काम

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी एसटीत ३४ वर्षं वाहक होतो. कुणी तिकीट न काढता पुढच्या थांब्यावर उतरलेलं मला कधी खपलं नाही. त्यामुळे फुकटाची तरफदारी करणारं पत्र माझ्या हातून लिहून होईल असं मलाच वाटलं नव्हतं. पण काजव्यांचा हंगाम आला, आणि तुमच्या अंकात भंडारदऱ्याच्या तळ्याकाठच्या तंबूंच्या जाहिराती सुरू झाल्या. माणशी इतके, दोन वेळचं जेवण, शेकोटी, वर डीजे. काजवे बघायला डीजे कशाला लागतो, हा प्रश्न बाजूला ठेवतो. सांगायचं आहे ते तळ्याकाठच्या फुकट मुक्कामाबद्दल.

गेल्या जुलैत आम्ही दोघं लेकीकडे अमेरिकेत होतो. ती राहते ऑल्बनीला. न्यूयॉर्क राज्याची राजधानी ती हीच. न्यूयॉर्क म्हटलं की आपल्याला उंच इमारतीच दिसतात, पण त्याच राज्याच्या उत्तरेला अॅडिरॉन्डॅक नावाचा डोंगर, जंगल आणि तळ्यांचा मुलूख आहे. ६० लाख एकरांच्या आसपास. आपला अख्खा अहिल्यानगर जिल्हा आत ठेवला तरी जागा उरेल. तळी तीन हजारांच्या वर. जावई म्हणाले, "बाबा, तीन रात्री तंबूत काढू." मी पहिला प्रश्न विचारला तो सवयीचा. माणशी किती? ते म्हणाले, "काही नाही."

सौं.नी गुडघ्याचं कारण सांगून घरी राहणं पसंत केलं. डबे मात्र त्यांचेच होते.

आम्ही गेलो त्या भागाचं नाव सेंट रेजिस. पन्नासाहून जास्त तळी एकमेकांच्या शेजारी पसरलेली, आणि तिथे मोटरबोटीला मज्जाव. फक्त वल्ह्याची होडी. एक तळं संपलं की होडी डोक्यावर घ्यायची, जंगलातल्या पायवाटेने चालायचं आणि पुढच्या तळ्यात सोडायची. जावयांनी होडी उलटी करून खांद्यावर घेतली. मागून त्यांचे नुसते पाय दिसत होते. मी, लेक आणि अकरा वर्षांचा नातू सामान घेऊन मागे. मला पोहता येत नाही, त्यामुळे होडीतला सगळा वेळ मी फुगीर जाकीट घालून देवाचं नाव घेत होतो. हे नातवाने घरी जाऊन सगळ्यांना सांगितलंच.

वाट जिथे सुरू होते तिथे एका खांबावर लाकडी पेटी, पेटीत वही आणि दोरीला बांधलेली पेन्सिल. नाव लिहायचं, माणसं किती, कुठे जाणार, किती रात्री. परतताना आपल्या नावापुढे परत आल्याची नोंद करायची. मी ते वाचलं आणि हसूच आलं. अहो, हे तर वेबिल, आम्हा वाहकांचा नोंदीचा कागद! कुठल्या टप्प्याला किती माणसं चढली, किती उतरली. माणूस परत आला नाही तर शोधायला निघणाऱ्याला पहिलं पान हेच. मी माझ्या अक्षरात चौघांची नोंद केली. माणसं किती हा रकाना माझ्याकडून कधी चुकत नाही.

तळ्याच्या काठी झाडांवर ठरावीक ठिकाणी पापडाएवढी पिवळी चकती ठोकलेली. इथे तंबू लावा, एवढंच तिच्यावर. चकती असेल तिथे पाण्याजवळ राहायला परवानगी. नसेल तिथे रस्ता, पायवाट, ओढा, तळं, या सगळ्यांपासून १५० फूट आत जायचं. १५० फूट म्हणजे आपल्या एसटीच्या चार गाड्या एकामागे एक उभ्या करून वर थोडं. मी पावलांनी मोजून पाहिलं. काठावरची माती आणि झुडपं रोजच्या तंबूंनी तुडवली जाऊ नयेत, पाण्यात घाण उतरू नये, एवढ्यासाठी हे अंतर. चकतीची जागा मात्र आधीच तुडवलेली, सपाट, एक चूल दगडांची. मागे झाडीत शंभरेक पावलांवर एक लाकडी खोका, खाली खड्डा. तोच संडास. भिंत नाही, छप्पर नाही. पहाटे त्यावर बसलं की समोर थेट जंगल. लहानपणीचं गाव आठवलं, यापेक्षा जास्त सांगत नाही.

आमच्याशिवाय तळ्याला दोनच तंबू होते, तेही पलीकडच्या काठाला. जो आधी येईल त्याची जागा. आरक्षण नाही, पावती नाही.

पण मुभा नुसती नसते, तिच्यामागे शिस्तीचं ओझंही असतं, ते मला पहिल्याच संध्याकाळी कळलं. तिथे काळी अस्वलं आहेत. त्याच अॅडिरॉन्डॅकच्या उंच शिखरांच्या पूर्व भागात हंगामात अस्वलाला न उघडणारा जाड प्लॅस्टिकचा डबा सक्तीचा आहे. आम्ही सेंट रेजिसलाही तो भाड्याने घेऊन गेलो. चिवडा, शेंगदाण्याची चटणी, लाडू, सगळं त्यात. मी निजायला निघालो तर नातू म्हणाला, "आजोबा, दात घासायची पेस्ट?" तीही वासाची, म्हणून डब्यात. मग अमृतांजनही गेलं. झाकणाची कळ नाण्याने फिरवायची असते. माझ्या पाकिटात एक रुपया निघाला, तो बरोबर बसला. डबा तंबूपासून लांब ठेवून आलो आणि रात्रभर कपाळाला लावायला काही नव्हतं.

भांडी तळ्यात विसळायची नाहीत. पाणी उचलून आत न्यायचं, तिथे धुवायचं. जळणासाठी फांदी तोडायची नाही, जमिनीवर पडलेली मेलेली लाकडंच उचलायची. ऑल्बनीहून गाडीत लाकूड भरून नेता येत नाही, कारण ५० मैलांपलीकडून आणलेल्या, भट्टीत न तापवलेल्या लाकडातून झाडं पोखरणारी कीड नव्या जंगलात पोचते. आणलेलं सगळं परत न्यायचं, लाडवाचा कागदसुद्धा.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक वनरक्षक होडी वल्हवत आला. माझी पाठ आपोआप ताठ झाली. लाइन चेकिंग! गाडी अडवून तपासनीस चढला की वाहकाच्या पोटात काय होतं, ते ३४ वर्षांनी जात नाही. त्याने जावयांना दोनच गोष्टी विचारल्या: किती रात्री, आणि खाणं कुठे ठेवलंय. तीन रात्रींपेक्षा जास्त एकाच जागी राहायचं असेल किंवा दहा आणि त्याहून जास्त माणसं असतील तर त्याच्याकडून परवाना घ्यावा लागतो. आम्ही चौघं, तीन रात्री. तो हात हलवून निघून गेला. पैशाचं नावही निघालं नाही.

रात्री तळ्यावर लून नावाचा पक्षी ओरडतो. कोल्हेकुई आणि तान्ह्या बाळाचं रडणं यांच्या मधलं काहीतरी. पहिल्या वेळी मी उठून बसलो. सकाळी पाहिलं तर त्याचं पिल्लू आईच्या पाठीवर बसून चाललं होतं, जत्रेत बापाच्या खांद्यावर पोर बसावं तसं.

आता, अमेरिकेत सगळं कसं छान हे सांगणारं आणखी एक पत्र, असं कुणाला वाटेल. तसं नाही. त्या ६० लाख एकरांतली निम्म्याहून जास्त जमीन खासगी आहे. तिथे वाटेवर प्रवेश बंदच्या पाट्या लागलेल्या मी स्वतः पाहिल्या. उरलेली सरकारची. आणि ती सरकारची का राहिली, तर एकोणिसाव्या शतकात लाकूडतोड्यांनी डोंगर बोडके केले तेव्हा खालच्या शहरांना आणि व्यापाऱ्यांना भीती वाटली की हडसन नदीचं आणि माल वाहणाऱ्या ईरी कालव्याचं पाणी आटेल. म्हणून १८८५ साली कायदा झाला, आणि १८९४ साली थेट राज्याच्या घटनेतच लिहून ठेवलं की ही वनजमीन कायम रानच राहील, विकायची नाही, भाड्याने द्यायची नाही. त्यात बदल करायचा तर राज्यातल्या मतदारांना विचारावं लागतं. एका डोंगरावर बर्फावरून घसरण्याच्या खेळाची वाट करायची होती, तर १९४१ साली सगळ्या राज्याचं मत घेतलं. आणि नळ, गरम पाण्याची न्हाणी, गाडी लावायची सोय असलेले पैसे घेणारे सरकारी तंबूतळही त्याच जंगलात आहेत. ज्याला सोय हवी तो पैसे देतो. ज्याला नको त्याला चकती.

हे सगळं बघताना माझ्या डोळ्यापुढे भंडारदरा होता. मी तिकडचाच. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत रतनवाडीची मुक्कामी गाडी माझ्याकडे होती. संध्याकाळी गाडी पोचायची, हिरड्याची पोती टपावरून उतरायची, चालक आणि मी रात्री तिथेच. उन्हाळ्यात टपावर, थंडीत गाडीच्या सीटवर, क्वचित अमृतेश्वराच्या देवळाच्या आवारात. कुणाच्या तरी घरून नाचणीची भाकरी आणि कालवण यायचं, त्याचे पैसे दिले तर बाई रागवायची. जूनच्या तोंडावर सादड्याच्या आणि हिरड्याच्या झाडांवर काजवे लागायचे; आख्खं झाड एका तालात उजळायचं आणि विझायचं. खालची वाहनं म्हणजे आमची एकच गाडी, तीही दिवे बंद करून उभी. काजवा जोडीदाराला हाक मारतो ती त्या उजेडाने. त्याच्यावर गाड्यांचे झोत आणि बॅटऱ्या पडल्या तर ती हाक कुणाला दिसणार?

मागच्या डिसेंबरात आम्ही तीन जुने सहकारी स्टोव्ह, घोंगड्या, तांदूळ घेऊन तळ्याकाठी रात्र काढायला गेलो. गाव सांगत नाही. पाणी उतरलेलं, काठाची गाळपेराची जमीन उघडी पडलेली. स्टोव्ह पेटतो न पेटतो तोच एक पोरगा आला. नुसत्या जागेचे माणशी दोनशे. मी विचारलं, "जागा कुणाची?" तो म्हणाला, "आमचीच समजा." पावती मागितली, ती नव्हती. आम्ही स्टोव्ह विझवला, राजूरला येऊन मिसळ खाल्ली आणि घरी झोपलो.

त्या पोराचा मला राग आलेला नाही, हे मुद्दाम लिहितो. त्याचे आईबाप मी ओळखतो. भात काढून झालं की पाठीला बिऱ्हाड बांधून नारायणगावच्या बाजूला मजुरीला जाणारी माणसं माझ्याच गाडीतून जायची. रडणारं पोर, कोंबडी, तवा, सगळं. तंबूच्या धंद्याने त्यांतल्या काही घरांचं जाणं थांबलं असेल तर ते वाईट म्हणायची माझी छाती नाही. फुकट जागा म्हटली की त्यांच्या पोटावर पाय येईल ही शंका मलाही आहे, आणि तिला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. पण अर्धं आहे. जागेचे पैसे घेऊ नयेत. भाकरी, पिठलं, वाट दाखवणं, रात्रीची राखण याचे भरपूर घ्यावेत. ज्याच्या जवळ स्वतःचा तंबू आणि स्वतःचा स्टोव्ह आहे तो तसाही तुमच्या डीजेच्या तंबूत येणार नाही. तो येणारच नाही किंवा चोरून येईल. चोरून येणारा कचरा टाकतो, कारण त्याचं नाव कुठल्याच वहीत नसतं.

आणि कळसूबाई-हरिश्चंद्रगड हे अभयारण्य आहे, तिथे बिबट्या आहे, कुठेही झोपा असं मी म्हणत नाही. वनखात्याने, पाटबंधारे खात्याने आणि ग्रामसभेने मिळून तळ्याच्या अंगाने, गावांच्या हाकेच्या अंतरावर, दहा-बारा जागा ठरवाव्यात. प्रत्येकी दोन तंबू. झाडाला खिळा नको, दगडावर पिवळा गोल रंगवला तरी चालेल. एक खड्ड्याचा संडास, एक वही. वही गावातल्या एका घरी ठेवा, तिथे सही केल्याशिवाय कुणी काठावर उतरायचं नाही. गाणी बंद, दारू बंद, काजव्यांच्या दिवसांत गाड्या अर्धा मैल मागे. कचरा परत नेला की नाही ते दुसऱ्या सकाळी वहीवाल्याने बघावं आणि न नेणाऱ्याकडून दंड घ्यावा. तो दंड मात्र पावतीसकट. ३४ वर्षांत मी पावतीशिवाय पैसा घेतला नाही.

सगळे जण ऐकतील असं मला वाटत नाही. एसटीतही प्रत्येकाने तिकीट काढलं नाही, म्हणून आम्ही गाडी बंद केली नव्हती.

भंडारदऱ्याचं विल्सन धरण १९२६ साली पुरं झालं. ज्यांची शेतं, घरं त्या पाण्याखाली गेली त्यांची नातवंडं आज त्याच पाण्याच्या काठी कुणाला तरी दोनशे मागतात किंवा कुणाला तरी दोनशे देतात. अकोल्याच्या कॉलेजातल्या पोरांना आपल्याच तालुक्यातल्या तळ्याकाठी एक रात्र काढायची असेल, आणि खिशात फक्त एसटीच्या जाण्यायेण्याचे पैसे असतील, तर त्यांनी कुठे जायचं ते मला संबंधितांनी कळवावं.

नातू डिसेंबरात येतोय. त्याला रतनवाडी दाखवायचं कबूल केलंय. घराचं फाटक रंगवून पिवळ्या ऑइलपेंटचा अर्धा डबा शिल्लक आहे, कुणी जागा ठरवली तर तो मी घेऊन येईन.

आपला,
एक निवृत्त एसटी वाहक
ता. अकोले, जि. अहिल्यानगर