कलमाच्या पहिल्या मोहोराविषयी मित्रास पत्र

प्रिय मित्रास,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. कुंडीतले आंब्याचे कलम आणून अजून वर्षही झालेले नसताना त्याच्या शेंड्यावर वीतभर मोहोर आला आहे, आणि तो ठेवावा की काढावा या विचारात तू रोज सकाळी त्याच्यासमोर उभा राहतोस, हे वाचून मला माझे पहिले झाड आठवले. उत्तर आधी देतो आणि कारणे मागाहून सांगतो. मोहोर काढ, पण आज काढू नकोस. मोहोराच्या तुऱ्यावर बारीक कैऱ्या धरून त्या वाटाण्याएवढ्या होईपर्यंत थांब. उशिरा काढण्याचे कारण न काढण्याच्या मोहापेक्षा वेगळे आहे, म्हणून तेही नीट लिहितो.

कमरेएवढेही न वाढलेले झाड फुलते कसे, हे तुझे आश्चर्य रास्त आहे. कोयीतून उगवलेल्या रोपाला आधी बाल्यावस्था पार करावी लागते आणि त्यात सहा-सात वर्षे, कधी त्याहून अधिक, सहज जातात. तोवर त्याला कितीही खत घातले तरी ते फुलत नाही. कलमाची काडी मात्र फळावर आलेल्या प्रौढ झाडाच्या शेंड्यावरून घेतलेली असते. ती कापून कोवळ्या खुंटावर, म्हणजे कोयीतून वाढवलेल्या मुळांच्या रोपावर बसवली, म्हणून तिचे वय कमी होत नाही. फुलण्याची क्षमता ती सोबत घेऊनच येते, आणि रात्रीचा गारवा मिळाला किंवा पालवी चार-पाच महिन्यांची जून झाली की प्रौढ फांदीप्रमाणेच वागते. खाली मुळे आहेत ती मात्र काल-परवाच्या कोयीची. म्हणजे तुझ्या कुंडीत दोन वयांची दोन झाडे एकावर एक उभी आहेत. वरचे झाड फळ धरायला तयार आहे आणि खालच्याला ते पोसण्याचे बळ अजून आलेले नाही. कलम वाढवताना पहिली तीन वर्षे जे काही करायचे, ते सारे या एका विसंगतीभोवती फिरते असे माझे मत आहे.

एक फळ ठेवले तर काय बिघडेल, असे तू विचारशील. आंब्याचे झाड सतत वाढत नसते. ते टप्प्याटप्प्याने पालवते आणि मध्ये विसावा घेते. ज्या शेंड्यावर फळ आहे तो शेंडा फळ उतरेपर्यंत बहुधा नवी पालवी काढत नाही, आणि तुझ्या झाडाला सध्या एकच शेंडा आहे. वीस-पंचवीस पानांनी तयार केलेले सारे अन्न त्या एका फळात जाईल, मुळांच्या वाट्याला काही उरणार नाही, आणि करंगळीएवढी काडी फळाच्या भाराने वाकून जोडावर ताण देईल. अशी झाडे मरतातच असे नाही, पण ती खुरटतात, आणि खुरटलेल्या कलमाला पुन्हा जोमाने पालवायला लावणे फार जड जाते.

आता थांबण्याचे कारण. तुझ्याकडे अजून रात्री गार आहेत असे तू लिहिले आहेस. अशा दिवसांत कोवळा मोहोर काढला तर त्याखालच्या पानांच्या बेचक्यांतले डोळे, म्हणजे झोपलेले अंकुर, जागे होतात आणि त्यांतून पालवीऐवजी पुन्हा मोहोरच बाहेर पडतो. झाडाचा साठा दुसऱ्यांदा खर्ची पडतो. हीच छाटणी उबदार हवेत केली की तेच डोळे पालवी देतात. म्हणून मोहोराला त्याचा काळ पुरा करू द्यावा. शेकडो फुलांपैकी बहुतेक नुसती नर फुले असतात, ती आपोआप गळतील; धरलेल्या बारीक कैऱ्यांपैकीही बऱ्याच पडतील; उरतील त्या तू बोटांनी खुड आणि दांडा तसाच वाळू दे. रात्री उबदार झाल्या की वाळलेला दांडा धारदार, स्वच्छ सिकेटरने (छाटणीच्या कात्रीने) काप. चीक तुझ्या डोळ्यांत किंवा चेहऱ्यावर उडू देऊ नकोस, हात लगेच धू. आंबा हा काजू आणि बिब्ब्याच्या कुळातला आहे आणि त्याचा चीक कित्येकांच्या कातडीला भाजतो.

मोहोरापेक्षाही मला काळजी आहे ती जोडाची, आणि त्याविषयी तू पत्रात एक शब्दही लिहिलेला नाहीस. आजच खाली बसून खोड नीट पाहा. मातीपासून वीतभर उंचीवर कुठेतरी सालीचा रंग बदललेला दिसेल, थोडा फुगवटा असेल, कदाचित तिरका व्रण असेल. तिथे खुंट चिरून त्यात पाचरीसारखी तासलेली काडी बसवली होती. साल आणि लाकूड यांच्यामध्ये कॅम्बियमचा पातळ जिवंत थर असतो. दोन्हीकडचे हे थर एकमेकांना भिडले, तेव्हाच जोड सांधला. पण सांधले म्हणजे एक झाले असे समजू नकोस. रस खालून वर आणि अन्न वरून खाली जाते, तरी जोडाखालची प्रत्येक पेशी शेवटपर्यंत खुंटाचीच राहते आणि वरची काडीचीच. त्या जागी प्लॅस्टिकची पट्टी अजून गुंडाळलेली असेल तर ती ब्लेडने उभी चिरून काढून टाक. माझ्या दुसऱ्या कलमाची पट्टी मी विसरलो होतो. खोड जाड होत गेले, पट्टी सालीत रुतली, आणि एका वादळी संध्याकाळी झाड नेमके तिथून मोडले.

पहिल्या कलमाची कथा त्याहून लांबली आणि ती मी तुला कधी पूर्ण सांगितली नव्हती. ते मी जमिनीत लावले होते. पहिल्या उन्हाळ्यात त्याची वरची पाने कोमेजली आणि काडी नुसती उभी राहिली. मग जोडाच्या खालून एक सरळ, तांबूस, तजेलदार फुटवा निघाला. झाड सावरले म्हणून मला इतका आनंद झाला की मी त्या फुटव्याला काठीचा आधार दिला, त्याच्याभोवती आळे केले, खत घातले आणि वरची वाळत चाललेली काडी आपण होऊन कापून टाकली. जिच्यासाठी कलम आणले ती काडी मी स्वतःच्या हातांनी काढली आणि खुंटाला वाढवत बसलो. सात वर्षांनी त्याला फळ आले, तेव्हा ते लहान, दोरेदार आणि आंबट होते. रायवळ आंब्याच्या कोयीचा तो खुंट त्याच्या जातीप्रमाणे फळला. त्यात त्याचा काही दोष नव्हता.

ते झाड तोडावे असे मला अनेकांनी सुचवले. मला ते करवले नाही. पुढच्या योग्य हंगामात मी त्याचे खोड कमरेच्या उंचीवर कापले, खाली फुटलेल्या धुमाऱ्यांपैकी चांगल्या अंतरावरचे चार ठेवले, आणि ते पेन्सिलीएवढे जाड झाल्यावर प्रत्येकावर हव्या त्या जातीची काडी पाचरकलमाने बांधली. काड्या तीन-चार महिन्यांच्या जून शेंड्यांच्या निवडल्या होत्या आणि कापण्यापूर्वी आठ-दहा दिवस त्यांची पाने देठ ठेवून छाटली होती, म्हणजे डोळे फुगून तयार राहतात. चारांपैकी तीन जगल्या. मागच्या भेटीत तू ज्या झाडाच्या सावलीत बसलास ते हेच झाड. खुंटाची मुळे तोवर सात वर्षांहून जुनी झाली होती, म्हणून त्या काड्यांनी तिसऱ्याच वर्षी फळ दिले आणि ते मी निःशंक मनाने ठेवले. आजही दर पावसाळ्यानंतर जोडांच्या खालून फुटवे निघतात. ते कोवळे असतानाच अंगठ्याने मोडायचे. कात्रीने कापले तर बुडाशी राहिलेल्या डोळ्यांतून पुन्हा येतात. फुटवा कुठला हे ओळखता येत नसेल तर पान चुरगळून वास घे. दोन जातींच्या पानांचा वास माझ्या झाडावर तरी स्पष्ट वेगळा येतो.

मोहोराचा दांडा निघाल्यावर पुढचे काम झाडाला वळण देण्याचे आहे. कुंडीत एकच सोट वाढू दिला तर पुढे फळ फक्त टोकाला येईल, कारण आंबा शेंड्यावरच फुलतो. जितके शेंडे, तितक्या मोहोराच्या जागा. काडी अडीच फुटांच्या आसपास झाली की शेंडा छाट. छाटताना एक बारकावा ध्यानात ठेव. दोन पालव्यांच्या सांध्यावर पाने आणि डोळे कड्यासारखे दाटीने बसलेले असतात. त्या कड्याच्या वर कापले तर एकाच ठिकाणाहून सहा-सात फांद्या फुटून गर्दी होते आणि पुढे भाराने त्या फाटतात. कड्याच्या खाली, जिथे पाने विरळ आहेत तिथे कापले, तर मोजक्या फांद्या अंतराने येतात. त्यांतल्या तीन, वेगवेगळ्या दिशांच्या आणि वेगवेगळ्या उंचीवरच्या, ठेव. प्रत्येक फांदी दोनदा पालवली की पुन्हा तेच कर. दोन वर्षांत तुझ्या एका शेंड्याचे पंचवीस होतील आणि झाड तरीही तुझ्या खांद्याच्या वर जाणार नाही.

कुंडी बदलण्याची घाई तू करू नयेस असे मला वाटते. लहान मुळे मोठ्या ढिगात ठेवली की न शोषलेले पाणी तळाशी राहते आणि मुळे कुजतात. आता बारा इंचांची आहे ती वर्षभर पुरेल. मग अठरा इंच आणि अखेरीस अर्धे कापलेले दोनशे लिटरचे पिंप, तळाला भरपूर छिद्रे पाडून आणि विटांवर उचलून ठेवलेले. मातीत तिसरा हिस्सा जाड वाळू मिसळलीस तर निचऱ्याची चिंता मिटते. पाणी ठरल्या वाराने घालू नकोस. दोन पेरे बोट मातीत घाल, तिथे कोरडे लागले तरच छिद्रांतून बाहेर येईपर्यंत घाल. पानांची टोके करपू लागली तर बहुधा पाण्यातले क्षार कुंडीत साठलेले असतात. तेव्हा पावसाचे किंवा गोडे पाणी भरपूर घालून माती धुवून काढायची. निदान सहा तासांचे थेट ऊन हवेच, त्याला दुसरा उपाय नाही.

किडींविषयी थोडेच लिहितो. कोवळी तांबूस पालवी तुडतुड्यांना आवडते, मोहोरावर भुरी ही पांढरी बुरशी येते, आणि लहान झाडावर या दोन्ही गोष्टी नुसत्या डोळ्यांनी वेळीच दिसतात. पालवीवर संध्याकाळी निंबोळी तेल आणि मोहोर उमलण्यापूर्वी पाण्यात मिसळणारे गंधक एवढे मला पुरले आहे. फुले उमललेली असताना मात्र काहीच फवारू नकोस, कारण आंब्याचे परागीभवन मुख्यतः माश्या आणि इतर बारीक कीटक करतात.

ज्या वर्षी जोडाच्या वरचे खोड तुझ्या अंगठ्याच्या दुपटीने जाड होईल, त्या वर्षी मोहोर ठेव. बहुधा ते तिसरे किंवा चौथे वर्ष असेल. त्याआधी दोन महिने पाणी कमी कर आणि नत्र देणे थांबव, म्हणजे झाड पालवीकडे न वळता मोहोराकडे वळेल. कैऱ्या वाटाण्याएवढ्या झाल्या की पाणी पूर्ववत कर. पहिल्या वर्षी चार-पाच फळांपेक्षा जास्त राखू नकोस.

दांडा कापल्यानंतर कोणते डोळे आधी फुगतात, आणि त्यांतून मोहोर निघतो की पालवी, हे मला अवश्य कळव. जोड मातीपासून किती उंचीवर आहे तेही मोजून लिही. तो वरच्या खतात बुडाला असेल तर उत्तराची वाट न पाहता माती बाजूला सार.

तुझा स्नेहांकित मित्र