मारिया बेटावरचा एक दिवस

होबार्ट, टास्मानिया

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

गेल्या शनिवारी आम्ही मारिया बेटावर जाऊन आलो. ट्रायाबना गावाहून बोट सुटते. बेटावर एकही दुकान नसल्यामुळे, आई, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घरूनच बांधून घेतली होती.

वॉम्बॅट नावाचा बुटका, केसाळ प्राणी तिथे भरदुपारी माणसाची पर्वा न करता चरत असतो. एक मादी आमच्यापासून चार हातांवर करकर आवाज करत गवत खुडत होती. तिची पिशवी मागच्या बाजूला उघडते, म्हणजे बीळ उकरताना माती आत जात नाही. त्यामुळे पिल्लाचे तोंड तिच्या मागच्या पायांमधून डोकावत होते.

बाबा, तुम्हाला रस असेल तो डार्लिंग्टनच्या वसाहतीत. मूळच्या आदिवासींच्या या बेटावर इंग्रजांनी १८२५ मध्ये कैदी आणून ठेवले. आपल्याकडच्या काळ्या पाण्याचाच हा प्रकार. त्यांच्या विटांच्या बराकीत आता पर्यटक मुक्काम करतात, हे मला जरा विचित्रच वाटले. होहेपा ते उमुरोआ हा न्यूझीलंडचा माओरी इंग्रजांविरुद्ध उठल्याबद्दल इथे पाठवला गेला आणि १८४७ मध्ये क्षयाने इथेच वारला. त्याच्या अस्थी स्वदेशी नेल्या गेल्या त्या १९८८ मध्ये, म्हणजे तब्बल १४१ वर्षांनी. त्याच्या दगडापाशी मी बराच वेळ उभी राहिले.

१९७२ पासून बेट राष्ट्रीय उद्यान आहे, पण बाहेरून आणून ठेवण्याची जुनी रीत काही सुटलेली नाही. टास्मानियन डेव्हिल या मांसाहारी प्राण्यात चाव्यातून पसरणारा चेहऱ्याचा कर्करोग आहे, म्हणून निरोगी डेव्हिल २०१२ पासून इथे सोडण्यात आले. ते इथे चांगले रुजले. मात्र त्या वर्षी बेटावर असलेल्या छोट्या पेंग्विनच्या सुमारे ३,००० जोड्या काही वर्षांत पार नाहीशा झाल्या. हेतू चांगला होता हे मान्य, तरी मला पेंग्विनांचेच वाईट वाटते.

डेव्हिल निशाचर असल्याने दिसला नाही. शेवटची बोट गाठायची होती, म्हणून अंधार पडण्याआधीच निघालो. छोट्याला मात्र एक गोष्ट आवर्जून सांगा: वॉम्बॅटची लेंडी चौकोनी असते, आणि ती मी स्वतः पाहिली आहे.

आपली,
माई